गॅरेजचा पैरा

शिवऱ्यात हायवेला लागून आमची जमिनीची एक पट्टी आहे, आईच्या नावावर. तिच्यावर माझं पत्र्याचं गॅरेज आहे. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, तिथं मिसळ हॉटेल हवं होतं. पुण्यातून निघालेला माणूस तासाभरात उपासमारीनं मरायला टेकतो असा या रस्त्यावरच्या सगळ्यांचाच समज आहे, त्यामुळे मिसळीच्या पाट्या मोजायच्या म्हटल्या तर मान दुखेल. त्यात आणखी एक पाटी लावायची आणि त्यासाठी माझं शेड पाडायचं, असा त्याचा बेत होता.

मी टर्बोच्या गाड्या करते. कंपनीतून शंभर-सव्वाशे घोड्यांची आलेली गाडी लोक माझ्याकडे आणतात आणि तिचे तीनशे-चारशे घोडे करून घेऊन जातात. आमचं गाव गुंजवणे, राजगडाच्या पायथ्याचं. तिथं हे सांगितलं की म्हातारी माणसं अजून विचारतात, "चारशे घोडं? आन बांधती कुठं?" मी म्हणते, तुमच्या गोठ्यात. नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले, पुण्यात एका वर्कशॉपात हात काळे केले आणि मग हे शेड घातलं. घर का सोडलं ते इथं सांगणार नाही. तिथं काय काय जळलं तो विषय वेगळा आहे.

शेडात मात्र एक इंजिन जळलं होतं, आणि ते सगळ्यांना पाठ होतं. माझी स्वतःची जुनी सेडान, गॅरेजची हीच काय ती जाहिरात. धावपट्टीवरच्या शर्यतीत तिसऱ्या गिअरला पूर्ण बूस्टवर पिस्टनला भोक पडलं आणि मागं निळा धूर सोडत ती थांबली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. तो गुंजवण्यात, मार्गासनीत, भोरच्या बाजारात, जिथं जिथं आमचे नातेवाईक आहेत तिथं तिथं माझ्या आधी पोचला. दादानं तो आईला दाखवला. एकदा नव्हे, जेवताना रोज.

शेवटी आई वैतागली. आमची आई कोर्टासारखी आहे, तारखा देते पण निकालही देते. ती म्हणाली, "ह्या वर्साला तुजी गाडी पळीव. म्या सोता येऊन बगनार. जळली तर शेड ह्याचं. न्हाई जळली तर ह्यानं पुन्यांदा हाटेलाचं नाव काडायचं न्हाई."

"जिंकायला नको का?" दादानं विचारलं.

"जिकायचं तिचं ती बगंल. म्या जळायचं इचारती."

मी कबूल केलं. मला राग आला होता आणि रागात मी पटकन कबूल होते. पण ज्या कामाला मी अठरा वर्षं दिली त्याचा फैसला मिसळीशी तोलून व्हावा हे मला आजही आठवलं की डोकं फिरतं.

आता इंजिन का जळलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टर्बो इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोलही त्याच मापात वाढायला हवं. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की आतली आग नको इतकी तापते आणि पिस्टन वितळतो. पेट्रोल आणायचं काम टाकीत बुडालेल्या पंपाचं, मुठीत मावेल एवढ्या वस्तूचं. मी पंप बदलला होता. डब्यावर तासाला किती लिटर देतो तो आकडाही भरपूर होता. पण तो आकडा तोंड उघडं असतानाचा. गाडीत पंपाला प्रेशरच्या विरुद्ध ढकलावं लागतं. इंजिन नुसतं चालू असताना तीन किलो. वर टर्बोच्या हवेचा दीड किलो दाब, म्हणजे बूस्ट, आला की साडेचार किलो. म्हणजे इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं नेमकं तेव्हाच पंप सगळ्यात कमी देतो.

आमच्याकडे हे कुणालाही कळावं. ओढ्याकाठच्या विहिरीवर मोटर चालू केली की खालच्या भाताच्या खाचरात पाणी धो धो पडतं, आणि वरच्या चौथ्या खाचरात तीच मोटर म्हाताऱ्याच्या लघवीसारखी थेंब थेंब देते. मोटर तीच, चढ वाढला. धरणानं आमची खालची चांगली खाचरं घेतली आणि वरची ठेवली, त्यामुळे चढ काय असतो ते आमच्या घराला शिकवावं लागत नाही. पण या चढावर आमच्या खोऱ्यानं काढलेला उपाय एकच: मोठी मोटर. शेजाऱ्यानं पाच एचपीची बसवली की आपण साडेसातची. पाइप तोच जुना, विहीर तीच, वायर तीच. दादानंही तशीच बसवली होती. तेव्हापासून उन्हाळ्यात ती विहीर एका दमात पिऊन टाकते, मग हवा धरते आणि गुरगुरत बसते. हे त्याला सांगायची सोय नव्हती.

माझ्या गाडीबद्दलही सगळ्यांचं हेच मत. शेडातला माझा मेकॅनिक म्हणाला, ताई, सगळ्यात मोठा टाका आणि मोकळ्या व्हा. मोबाईलवरच्या ग्रुपात तर लोक मोठ्या पंपाला नवस बोलायचे बाकी होते. मी मोठ्या पंपाला नावं ठेवत नाही. हजार घोड्यांच्या गाडीला तो हवाच, आणि त्याच्याबरोबर जाड पाइप, जाड वायर, सगळं हवं. माझ्या चारशे घोड्यांना तो घातला तर नको असलेलं पेट्रोल परत टाकीत जाणार कुठून? कंपनीच्या त्याच बारीक नळीतून. ती कोंडली की प्रेशर खाली उतरत नाही. शिवाय तेच पेट्रोल तापलेल्या इंजिनाजवळून फिरून फिरून टाकी गरम करतं, आणि पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढायला लागतो. विहिरीवरच्या मोटरसारखाच, हवा धरतो. आणि आताच्या पेट्रोलात उसाचं इथेनॉल मिसळलेलं असतं. त्यानं तेवढ्याच ताकदीला थोडं जास्त पेट्रोल लागतं, आणि पंपाचं आतलं रबर ते सोसणारं नसलं तर फुगतं. हे सगळं डब्यावरच्या एका आकड्यात बसत नाही. म्हणून मी तीन पंप आणले, लहान, मधला आणि मोठा, आणि ठरवलं की डब्यावर विश्वास ठेवायचा नाही, स्वतः मापायचं.

मापायला माणसं लागतात. गाडीचीच नळी, गाडीचीच वायर, प्रेशरचं मीटर आणि खाली मापाची किटली. एकानं मीटर बघायचं, एकानं मोबाईलवर वेळ लावायची, एकानं किटली धरायची, एकानं वाळूची बादली घेऊन उभं राहायचं आणि विडी-काडीवाल्याला जवळ येऊ द्यायचं नाही. उघड्यावर पेट्रोल, चेष्टा नाही. आणि दिवाळी नुकतीच सरलेली. भात कापणीला आलेलं. माझा मेकॅनिक आपल्या गावाला कापणीला गेला. शिवऱ्यातले ओळखीचे सगळे आपापल्या शेतात. दादाला विचारलं तर म्हणाला, "हितं कामाचं दिस हायेत. तुजं खेळ नंतर."

खेळ. हा शब्द माझ्या कानात बसला.

आमच्याकडे कापणी पैऱ्यानं होते. मी आज तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या. पैसा नाही, दिवसाला दिवस. मी दरवर्षी गॅरेज बंद ठेवून गुंजवण्यात जाते, शेजारणींच्या खाचरात विळा चालवते. त्या माझे दिवस फेडायला येतात ते दादाच्या शेतात. म्हणजे दिवस माझे आणि भात त्याचं. कुणी त्यात काही वावगं पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्या वर्षी काकींच्या खाचरात वाकले असताना पाठ ताठ करायला उभी राहिले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काकी म्हणजे शेजारच्या, वयानं आईएवढ्या, जिभेनं विळ्याएवढ्या.

मी म्हटलं, "काकी, माझा पैरा यंदा दादाच्या शेतात फेडू नका."

"मग कुठं?"

"शिवऱ्याला. गॅरेजात."

सगळ्या बायका थांबल्या. एकीचा विळा अर्ध्या मुठीत राहिला. "गाडीचा पैरा?" ती म्हणाली. "आसं कुठं आस्तंय व्हय?"

"का नसतं? मी तुमच्या खाचरात दिवस घातला की नाही? तो दिवस माझा आहे. मी तो कुठंही मागीन."

आता माझा आवाज चढला होता. मला भांडायचं होतं आणि समोर भांडायला कुणी नव्हतं, हीच पंचाईत. काकींनी पेंढी बांधली, खाली टाकली आणि म्हणाल्या, "बरुबर हाय की. दिस त्यो दिस. आमी काय त्या दादाचं दिस खाल्लं न्हाईत, हिचं खाल्लं." मग थोड्या वेळानं, "पर जेवाण काय देशील?"

"मिसळ," मी म्हटलं. बायका हसून खाली बसल्या.

वहिनीला, दादाच्या बायकोला, घरी हे समजलं. ती हळूच म्हणाली, "वन्सं, आमचं भात उबंच ऱ्हाईल की." मी म्हटलं, एक दिवस राहील. परवा मी स्वतः येते कापायला. संध्याकाळी दादाचा आवाज शेजारच्या तीन घरांना ऐकू गेला. मी मोठ्या आवाजाला घाबरत नाही. मी एक्झॉस्टच्या मागं उभी राहून जगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोतून चौघी उतरल्या. साडीवर नवऱ्यांचे जुने शर्ट, डोक्याला टॉवेल, एकीच्या कमरेला सवयीनं विळा. त्यांनी शेड पाहिलं, गाडीचं उघडं तोंड पाहिलं. काकींनी चौकशी केली की एवढ्या नळ्यांत हिचं काळीज कुठलं. मी कामं वाटली. काकींना मीटर दिलं, त्यांची लांबची नजर चांगली. मोबाईल सर्वांत तरण्या पोरीकडे. किटली तिसरीकडे. आणि विळावालीला वाळूची बादली देऊन फाटकापाशी उभं केलं.

कुठला पंप जिंकेल यावर आधी पैज लागली. चौघींनीही मोठ्यावर लावली. आमच्या खोऱ्यात दुसरं काही होणारच नव्हतं.

लहान पंप आधी लावला. तोंड उघडं असताना किटली बघता बघता भरली आणि बायकांनी "लई ग्वाड" म्हणून कौतुक केलं. मी प्रेशर साडेचार किलोवर नेलं. धार बारीक झाली. किटली अर्ध्यावरच राहिली आणि वेळ संपली. किटली धरणारी म्हणाली, "ह्यो चौथ्या खाचरात न्हाई पोचायचा." मला आणखी काही समजवायची गरज उरली नाही. याच जातीच्या पंपानं माझं इंजिन खाल्लं होतं.

मग मोठा. त्यानं साडेचार किलोवरही किटली ओतू जाईल इतकं दिलं. बायका नाचायच्या बाकी होत्या. मी म्हटलं, थांबा, आता प्रेशर खाली आणते, इंजिन नुसतं उभं असल्यासारखं. परतीची नळी गाडीचीच ठेवली. काकी मीटरवर डोळे लावून होत्या. "तीनावर आलं का?" मी विचारलं.

"न्हाई गं. साडंचाराच्या खाली उतराया तयार न्हाई. कोंडलंय मेलं."

मी वायरला हात लावला. चटका बसला.

नेमक्या त्याच वेळी दादा आला. मोटारसायकल हायवेच्या कडेला टाकून, तोंडात सिगरेट, डोळे लाल. त्याला भांडायचं होतं आणि त्याचं बरोबरही असेल, भात त्याचं उभं होतं. पण फाटकातून दोन पावलं आत आला आणि विळावाली बादली घेऊन आडवी झाली.

"आदी ती इजवा."

"बाजूला हो. माजी जागा हाय ही."

"आसंल. इजवा न्हाईतर तुमच्या तोंडावर वाळू वतती. मला हेच काम दिलंय."

त्यानं सिगरेट रस्त्यावर टाकली, चपलेनं विझवली आणि मग काय बोलायचं होतं ते विसरला असावा. काकींनी मीटरवरची नजर न काढता विचारलं, "तुमच्या हिरीवरली मोटर पन आशीच कोंडती न्हवं?" त्यानं मोटारसायकलला किक मारली. गेला.

मधला पंप लावला. त्याला बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढली, कारण बारीक वायरीतून वीज गळते आणि पंप मलूल होतो. लाईट डिम झाली की मोटर जशी कण्हते तसा. साडेचार किलोवर त्यानं मला हवं तेवढं दिलं आणि वर थोडं राखून ठेवलं. प्रेशर सोडलं तर काटा तीनावर येऊन गप उभा राहिला. रबर इथेनॉल सोसणारं होतं. मी म्हटलं, हा. चौघी पैज हरल्या म्हणून नाराज होत्या. शेजारच्या हॉटेलातून मिसळ आणली. काकींनी एक घास खाऊन सांगितलं की त्यात दम नाही, दादानं हॉटेल काढलं तरी चालणार नाही. मला त्या क्षणी त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण माझे हात पेट्रोलचे होते.

तिसऱ्या दिवशी मी सांगितल्याप्रमाणे दादाचं भात कापायला गेले. तो एका कडेनं, मी दुसऱ्या. भात मात्र चांगलं आलं होतं, इंद्रायणीचा वास विळ्याला लागत होता.

शर्यत पुढच्या महिन्यात झाली. आई आली होती, नवी साडी नेसून, प्लास्टिकच्या खुर्चीत. तिच्या शेजारी दादा, हातात मोबाईल, व्हिडिओ काढायला तयार. मी गाडीत बसले तेव्हा घाबरले होते, खोटं कशाला बोलू. शेड माझं पोटचं आहे. ते गेलं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. तिसरा गिअर आला, बूस्ट पूर्ण आला, जिथं मागच्या वेळी भोक पडलं ती जागा आली. मी पाय उचलला नाही. मुद्दामच उचलला नाही. पेट्रोलच्या प्रेशरचा काटा जिथं असायला हवा तिथं होता, बांधावर उभ्या असलेल्या माणसासारखा. गाडी ओरडत पुढे गेली आणि पट्टी संपली.

मी हरले. शेजारच्या पट्टीतली गाडी माझ्यापेक्षा चांगलीच पुढं होती. तशाच आणखी दोन फेऱ्या मारल्या. एक जिंकले, एक पुन्हा हरले. मग बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि आईला बोलावलं. ती आली, कान लावला.

"हरली की," दादा मागून म्हणाला.

"जळली का?" आईनं विचारलं.

त्यानं मोबाईल खिशात घातला.

"म्या काय इचारती? जळली का?"

"न्हाई."

"मग गाडी घे आन घरी चल. हाटेलाचं बोलनं संपलं." आईनं बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला तसा काढला आणि मला म्हणाली, "लई तापतंय गं तुजं."

माणसाच्या तोंडून हरलेलं बाहेर पडत नाही. तीन-चार महिने दादा शेडाकडे फिरकला नाही. उन्हाळा लागला. विहीर खाली गेली. एक दिवस दुपारी तो आला, फाटकाबाहेरच सिगरेट विझवून.

"मोटर हवा धरतीया," तो म्हणाला. "वरच्या खाचरात भुईमूग हाय. जळंल."

"बदलायला हवी. मोटर लहान, पाइप मोठा. मी येते."

"किती घेशील?"

"पैसे नको. पैरा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं.

मी गुंजवण्याला जाऊन एक अख्खा दिवस त्याच्या विहिरीवर घातला. साडेसातची काढली, पाचची बसवली, पाइप बदलला. चौथ्या खाचरात पाणी पोचलं. भुईमूग वाचला. दादा बांधावर उभा राहून पाण्याकडे बघत होता, आणि मला त्याच्याकडून तेव्हा काही नको होतं.

आठवड्यानं तो दिवस फेडायला शेडात आला. मी त्याला सोपं काम दिलं नाही. टाकी उतरवायला लावली, नळ्या धुवायला लावल्या, किटली धरायला उभं केलं. एक गिऱ्हाईक आलं आणि त्याला मालक समजून बोलायला लागलं. दादानं मानेनंच माझ्याकडे दाखवलं. दुपारी माझ्या डब्यातली भाकरी खाल्ली. ऊन कलल्यावर त्यानं हात पुसले, चपला घातल्या आणि म्हणाला, "झाला माजा दिस."

ज्या कामाला तो खेळ म्हणायचा त्याला त्यानं दिवस म्हटलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा. मला काय वाटलं ते मी त्याला दाखवणार नव्हते.

"नाही झाला," मी म्हटलं. "खळं झाडल्याशिवाय पैरा फिटतो का?"

झाडू कोपऱ्यात होता. त्यानं चपला काढल्या.